खड्डा एकही नाही, तरी सिग्नलच्या अलीकडेच गाडी का घसरते?

दुचाकीवाली: रोजच्या वाटेवर एक मोठा चौक आहे. मागचा सगळा रस्ता खरखरीत, पण स्टॉप लाइनच्या अलीकडचा पट्टा चकचकीत झालाय, त्यावर डांबराच्या लाटाही उठल्यात. कोरड्यात काही जाणवत नाही. पावसात मात्र पिवळा लागला म्हणून ब्रेक दाबावा, तर मागचं चाक बाजूला निघतं. तक्रार केली तर उत्तर आलं, "खड्डा कुठाय? रस्ता चांगला आहे." हे नेमकं तिथेच का होतं? (टायर नवे आहेत. आधीच सांगून ठेवते.)

खडीवाला: ताई, खड्डा निदान दिसतो तरी. झिजलेली खडी दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट. माझा सगळा जन्म रस्त्याचे नमुने तपासण्यात चाललाय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

शहरातल्या वेगाला ओल्या रस्त्यावर टायर धरून ठेवतो तो मुख्यतः खडीच्या दाण्यावरचा बारीक खरखरीतपणा, सँडपेपरसारखा बोटाला लागतो तो. सिग्नलला सगळ्या गाड्या त्याच पट्ट्यात ब्रेक मारतात, त्यामुळे तिथली खडी आधी घासली जाते. चुनखडीची असेल तर फारच लवकर. म्हणजे पकड जिथे सगळ्यात जास्त लागते, तिथेच ती सगळ्यात आधी जाते.

लाटांचं कारण वेगळं. डांबर जोर किती वेळ पडतो ते बघतं. धावता ट्रक क्षणभर दाबून जातो, थांबलेला ट्रक लाल दिवा संपेपर्यंत दाबत राहतो. त्यात ब्रेक लागताना थर पुढे ढकलला जातो, आणि गळकं तेल-डिझेल डांबर मऊ करतं ते निराळंच.

आता हिशोब. ताशी ५० किमी वेग, कोरडा चांगला रस्ता, घर्षणांक (टायर-रस्त्याच्या पकडीचा आकडा) ०.७ धरा: ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये गाडी उभी. ओल्या, झिजलेल्या रस्त्यावर तो ०.३५ झाला तर २८ मीटर. विचार करण्यात जाणाऱ्या एका सेकंदाचे १४ मीटर दोन्हीकडे वरून.

उगाच_विचारतो: मग पिवळा लांबवा की. रस्ता खणायचा कशाला?

खडीवाला: पिवळ्याचं गणित बऱ्याच ठिकाणी असं करतात: चालकाला एक सेकंद, आणि पुढे गाडी दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करेल हे गृहीत. ५० च्या वेगाला हे सव्वातीन सेकंदांच्या आसपास येतं. एवढ्या ब्रेकिंगला घर्षणांक ०.३१ लागतो. पावसात रस्त्याकडे ०.३५ च उरला असेल तर शिल्लक राहिली किती? आणि पिवळा थोडा वाढवलात तरी मागून आदळणं सुटत नाही. पुढची गाडी चांगल्या टायरवर जागेवर थांबते आणि मागचा टेम्पो सरकत येतो. माझ्या मते वेळेशी खेळणं ही पळवाट आहे.

स्कूटरकाका: आणि ते झेब्र्याचे पांढरे पट्टे? पावसात त्यावर पाय टेकवला तरी सरकतो.

खडीवाला: बरोबर. रंगात घालतात ते काचेचे मणी रात्री चमकण्यासाठी असतात, पकडीसाठी नव्हे. पकडीसाठी टोकदार कच वेगळी टाकावी लागते. ती टाकायची टाळली की तुमचा पाय सरकतो.

दुचाकीवाली: बरं, मग मी मागू काय? "घसरतं" म्हटलं की हसतात.

खडीवाला: "घसरतं" लिहूच नका. लिहा, "सिग्नलच्या अलीकडच्या पट्ट्याची पेंड्युलम चाचणी करा." ओल्या रस्त्यावरून रबराचा लंबक झोकतात, आकडा जितका मोठा तितकी पकड चांगली. ब्रिटनच्या जुन्या मार्गदर्शक आकड्यांत वर्दळीच्या शहरी रस्त्याला किमान ५५ आहे, आणि वेगवान रस्त्यावरच्या सिग्नलच्या अलीकडे ६५. आकडा कागदावर आला की हसणं थांबतं.

उपाय म्हणाल तर भाजलेल्या बॉक्साइटची कच इपॉक्सीत (घट्ट चिकटणाऱ्या गोंदात) बसवून पातळ थर देतात. ती खडी सहसा झिजत नाही. पण लाटांवर हा थर मारून उपयोग नाही, खालचा मऊ थर आधी खरवडून काढायलाच हवा. अवजड गाड्या फार थांबत असतील तर तेवढा तुकडा काँक्रीटचा केलेला बरा.

स्टॉप लाइनपाशी रस्त्यात चौकोनी बारीक काप भरलेले दिसतात का?

दुचाकीवाली: हो! मला वाटलं केबलचं काम.

खडीवाला: बहुतेक गाडी ओळखणाऱ्या तारेचा लूप आहे. मशीनने खरवडताना ती तार तुटली की सिग्नलला गाड्या दिसेनाशा होतात. अर्जातच लिहा: खरवडल्यावर लूप नव्याने टाकावा. हे काम करणारे आणि सिग्नलवाले बहुतेकदा वेगळे असतात, म्हणून दोघांनाही प्रत द्या.

उगाच_विचारतो: आमच्या चौकात मध्यरात्री कुणी नसताना दोन मिनिटं लाल का राहतो, ते आज कळलं.