चपटा पैसा किडा चेंगरला, वास आला बदाम इसेन्सचा!

सेलूची सून:
मिरग पडला की आमच्या परसात पैसे किडे (वाणी, मिलिपीड) निघतात, ते काही नवीन नाही. परवा रांजणाखाली मात्र वेगळाच दिसला. चपटा, काळा, कडेनं पिवळे ठिपके. झाडूनं सारताना चेंगरला आन् वास सुटला तो मी नानकटाईत घालते त्या बदाम इसेन्सचा! डिट्टो. सासूबाईंनी तेवढंच धरलंय, "त्या बाटलीत हेच किडे पिळतेत." आता नानकटाईला शिवत नाहीत. खरं काय ते सांगा कुणीतरी.

रिटायर मास्तर, लातूर:
ताई, नाक पक्कं आहे तुमचं. दोन्हीकडं वास एकाचाच, बेंझाल्डिहाइडचा. कडू बदामात ते ॲमिग्डलिन नावाचं द्रव्य फुटून तयार होतं. या किड्याच्या (कीटक नाही बरं तो, बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या) कडेच्या ग्रंथींत मॅन्डेलोनायट्राइल नावाचं रसायन भरलेलं असतं. डिवचलं की ते शेजारच्या कप्प्यातल्या विकरात (एन्झाइममध्ये) मिसळतं, आणि बेंझाल्डिहाइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतं. खायला आलेला तोंड फिरवतो. एका किड्यानं माणसाला काही होत नाही, पण पोरांना डबीत कोंडून हुंगू देऊ नका. गंमत बघा, पिटुनियाच्या फुलांतही हेच बेंझाल्डिहाइड, तिथं पाहुणे बोलवायला!
तुमच्या इसेन्सच्या बाटलीतलं बहुधा टोल्युइन नावाच्या रसायनापासून कारखान्यात केलेलं असतं. आमच्या लॅबमधल्या बाटलीच्या बुचाला पांढरे खडे धरायचे. हवा लागली की त्याचं बेंझॉइक ॲसिड होतं. पोरं म्हणायची, सर, साखर.

बांधावरून, हिंगोली:
सोयाबीनमधल्या गोल पैशाला असला वास नाही बुवा. तो वेचला की बोटं तपकिरी, साबणानं जात नाहीत. औंदा कोवळे कोंब कुरतडले, दुबार पेरलं. रात्री गवताचे ढीग ठेवायचे, सकाळी खालचे पैसे मिठाच्या पाण्यात. नाव पैसा आन् खिसा रिकामा.

रिटायर मास्तर, लातूर:
गोल जातींत बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात, त्यानं कातडी रंगते. तो हात डोळ्याला लावू नका, लई झोंबतं.

सेलूची सून:
सर, सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनी सायनाइड एवढंच ऐकलं. दिवाळीला वेलची घालून करते आता.