गाडीच्या सीटचा पाठीचा आधार पुन्हा पुन्हा निकामी होतो? आपले अनुभव सांगा

नमस्कार.

माझ्या गाडीत चालकाच्या सीटचा कंबरेचा आधार, म्हणजे लंबर सपोर्ट, परवा तिसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा गाडी ३ वर्षांची होती. सिग्नलला थांबले होते, पाठीमागे आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि कंबरेला टेकलेला फुगवटा एकदम आत गेला. बाजूचा नॉब नुसताच गरागरा फिरायला लागला. आतली केबल तुटली होती, ती बदलून घेतली. १४ महिन्यांनी तोच आवाज, तोच मोकळा नॉब. पुन्हा नवी केबल. ती ७ महिनेही टिकली नाही.

रोज जाऊन-येऊन ३ तास गाडी चालवते. आधार गेला की पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. चौथ्या दिवशी मात्र उतरल्यावर सरळ उभं राहायला दार धरावं लागतं.

एकदा तुटला तर तो भाग कच्चा होता असं म्हणता येईल. तोच तिसऱ्यांदा तुटतो, तेही दर वेळी आधीपेक्षा लवकर, म्हणजे दोष त्याच्या शेजारी कुठेतरी आहे असं माझं मत झालंय. तो शोधायचा कसा, यासाठी हा धागा. तुमच्याकडे सीटच्या पाठीचं काही पुन्हा पुन्हा बिघडलं असेल तर लिहा. काय तुटलं, काय बदललं, ते किती टिकलं आणि मूळ कारण शेवटी हाती लागलं का. लिहिताना एवढं स्पष्ट करा: सीटची पाठ हव्या कोनात पकडून ठेवणारा रिक्लायनर वेगळा, कंबरेला पुढे दाबणारा लंबर वेगळा, आणि फोम व त्यामागची तारांची जाळी वेगळी. तिन्हींना आपण सरसकट ‘आधार’च म्हणतो.

*

माझ्या सीटमध्ये केबल नाही, हवेची पिशवी आहे. बटण दाबलं की छोटा पंप चालतो, कंबरेमागे पिशवी फुगते. दोन वर्षांपूर्वी ती अर्ध्या तासात बसायला लागली. पंप कमजोर झालाय म्हणून नवा बसवून दिला. वर्षभरात तोही जळाला. तिसरा बसवायच्या आधी मी एक गोष्ट केली. रात्री, आजूबाजूला शांतता असताना, काचा लावून, इंजिन बंद ठेवून पिशवी फुगवली आणि सीटच्या पाठीला कान लावून बसलो. खालच्या बाजूला बारीक ‘स्स्स’ ऐकू येत होतं. पाठ पूर्ण मागे झुकवली की आवाज वाढायचा, सरळ केली की जवळजवळ थांबायचा.

पिशवी चांगली होती. तिच्याकडे जाणारी नळी बिजागरीपाशी आखूड पडत होती. मी दुपारी गाडीत पाठ सपाट करून पडतो, त्या वेळी नळी ताणली जाऊन जोडातून किंचित सरकायची. गळती भरून काढायला पंप सतत चालायचा आणि तापून जळायचा. दोन पंप गेले आणि दोन्ही वेळा पंपाचा काही दोष नव्हता. बोटभर लांब नळी टाकली, जोड पक्का केला. तेव्हापासून दीड वर्ष पिशवी सकाळी फुगवली की संध्याकाळपर्यंत तशीच असते.

*

इलेक्ट्रिक लंबर तीनदा बंद पडला. तिन्ही वेळा सीटखालचा कनेक्टर निसटलेला. सीटखाली छत्री ठेवायची सवय होती. सीट मागे-पुढे करताना छत्री वायरींना ओढायची. छत्री डिकीत गेली, प्रश्न मिटला.

*

माझा अनुभव रिक्लायनरचा आहे. तो वाचून कोणी आजच आपली सीट तपासली तर मला बरं वाटेल.

पहिल्यांदा गतिरोधकावरून जाताना पाठ एक घर मागे गेली. वाटलं, माझाच हात लिव्हरला लागला असेल. महिन्याभरात पुन्हा तसंच. मग रिक्लायनर बदलला. ८ महिने बरे गेले. नंतर एका चढावर गाडीला वेग देताना सीटची पाठ पूर्ण मागे कोसळली. मी जवळजवळ आडवी झाले. स्टिअरिंगवरचे हात सुटले, समोर रस्त्याऐवजी गाडीचं छत दिसत होतं. माझ्या मागे मुलीची सीट आहे. ती त्या दिवशी सोबत नव्हती. पोटाच्या जोरावर उठून ब्रेक लावला. पुढे रस्ता मोकळा होता म्हणून हे लिहिते आहे.

एका गॅरेजमध्ये पाठ सरळ ठेवून वेल्डिंग मारून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. दुसऱ्या कारागिराने सीट उघडायच्या आधी मला बसवलं आणि दहा वेळा लिव्हर उचलून सोडायला सांगितलं. स्वतः बाजूला बसून लिव्हरच्या बुडाकडे बघत होता. सहाव्या-सातव्या वेळी म्हणाला, “ताई, हा खाली पूर्ण येतच नाहीये.” वरून घातलेल्या सीट कव्हरचा इलॅस्टिकचा पट्टा लिव्हरच्या मुळाशी अडकत होता. आपल्याला लिव्हर खाली गेल्यासारखा वाटतो, पण तो शेवटचा अर्धा सेंटीमीटर जातच नव्हता. आत दाते अर्धेच बसायचे. अर्ध्या दातांवर सगळा भार येऊन ते झिजले. नवा रिक्लायनर आला, पट्टा तिथेच राहिला, म्हणून नवे दातेही त्याच रीतीने झिजले.

आता कव्हर काढून टाकलंय. पाठ लावल्यावर हाताने जोरात मागे-पुढे हलवून बघते, मगच सीटबेल्ट लावते. शेजारची सीटही तशीच तपासते.

*

वरच्या ताईंनी वेल्डिंगला नकार दिला ते फार बरं केलं. मी सीटच्या चाचण्यांच्या कामात बरीच वर्षं होतो. सीटची पाठ म्हणजे केवळ टेकायची जागा नाही. मागून धडक बसली की आपलं शरीर तीच धरून ठेवते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०७ या मानकात पाठीने ३७३ न्यूटन-मीटर एवढं मागे वळवणारं बल सहन करावं लागतं, तर संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १७ मध्ये ५३० न्यूटन-मीटर. हे आकडे जसा बनला तशा सांध्यासाठी आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो आणि जोड वरून भक्कम दिसला तरी कुठे फाटेल सांगता येत नाही. लंबर बिघडला तर पाठ दुखेल, गाडी चालवता येते. पाठ लॉक होत नसेल तर त्या सीटवर कोणी बसायचंच नाही, दुरुस्तीला नेतानाही नाही. गाडी उचलून न्या.

*

सीटचं काम करून मला २२ वर्षं झाली. धागा काढणाऱ्या ताईंना सांगतो, जुनी केबल टाकू नका. दोन्ही-तिन्ही असतील तर शेजारी शेजारी ठेवा. तार दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटली असेल तर केबल कच्ची. एकाच ठिकाणी तुटली असेल तर त्या ठिकाणाला धारेवर धरा.

लंबरची केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकसारखीच. बाहेर नळी, आत पीळ दिलेली तार, टोकाला मणी. नॉब फिरला की तार ओढली जाते आणि कंबरेमागची पट्टी धनुष्यासारखी पुढे वाकते. नळीचं टोक ज्या प्लॅस्टिकच्या खोबणीत बसतं ती तडकली की नळी तिरकी होते. मग तार सरळ न ओढता कडेवर घासते. एकेक पदर तुटतो, शेवटचे दोन-तीन पदर झटक्यात जातात. तोच तुमचा ‘टक्’. आमच्या धंद्यात बरेच जण केबल बदलतात आणि खोबणीकडे बघतच नाहीत.

दुसरं, पाठ टेकवून नॉब फिरवू नका. अंगाचा सगळा भार ओढायला ती तार केलेली नाही. थोडं पुढे व्हा, नॉब फिरवा, मग टेका.

मागे कोण बसतं तेही विचारतो मी. मागच्याने गुडघे रेटले किंवा उतरताना सीटची पाठ धरून उठलं तर जाळीच्या कड्या निसटतात. निसटलेली कडी केबल टायने बांधून देणारे पुष्कळ आहेत. गाडी उन्हात तापते, प्लॅस्टिकचा टाय ताणतो, आणि स्प्रिंगसारखा परत येत नाही. महिन्या-दोन महिन्यांत गिऱ्हाईक परत. तिथे स्प्रिंगच हवी.

आणि घरी सीट उघडणाऱ्यांनो, पाठीच्या बाजूला एअरबॅग असेल तर हात लावू नका. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर ती त्याची खूण. बॅटरी काढल्यावरही त्यात काही वेळ चार्ज राहतो. ज्याला ते काम येतं त्याच्याकडेच द्या.

*

रोज ९-१० तास गाडी चालवणं हाच माझा व्यवसाय. सीटच्या जाळीची डावीकडची कडी दर तीन-चार महिन्यांनी निघायची, उजवीकडची कधीच नाही. वरच्या दादांसारख्याच एका कारागिराने मला उठवून सीटकडे बघायला लावलं. बसायच्या जागेवर डावीकडे खोल खड्डा होता. मागच्या खिशात जाड पाकीट असायचं, तेही उजव्या. त्यामुळे उजवा कुल्ला वर, अंग डावीकडे कललेलं, आणि पाठीचा सगळा दाब डाव्या कडीवर. पाकीट पुढच्या कप्प्यात ठेवायला लागलो. बसायचा फोम बदलला, पाठीचा तोच ठेवला. कडी निघाली नाही पुन्हा. डाव्या पायात उतरणारी कळही कमी झाली. पाठीचा आधार बिघडला म्हणून मी पाठच बघत होतो, खड्डा बसायच्या जागेत होता.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुरुस्ती होईपर्यंतच्या दिवसांबद्दल लिहिते, कारण लोक माझ्याकडे येतात ते तेव्हाच.

१९७४ मध्ये स्वीडनमधल्या अँडरसन, नाकेमसन आणि सहकाऱ्यांनी बसलेल्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब मोजला होता, गाडीच्या सीटवरसुद्धा. पाठ थोडी मागे कललेली असली आणि कंबरेला आधार असला की दाब कमी होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे हा आधार काही चैनीची वस्तू नाही. त्यात गाडीची थरथर. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो, आणि खराब रस्त्यावरच्या गाडीत नेमकी तशी कंपनं भरपूर असतात.

आधार मोडलाय तोपर्यंत टॉवेलची गुंडाळी चालेल. पण बहुतेक जण ती फार वर आणि फार जाड ठेवतात. ती पँटच्या पट्ट्याच्या रेषेत किंवा जराशी वर हवी. टेकल्यावर दबून ३-४ सेंटीमीटर राहिली तरी पुरे. आधी कुल्ले सीटच्या पार मागे न्या, मग गुंडाळी ठेवा. पाठीचा कोन १०० ते ११० अंश. गुंडाळी घसरत असेल तर ती बांधून टाका, चालवताना हात मागे नेऊन सारखी करू नका.

दुखणं पायात उतरतंय, पाय लुळा पडल्यासारखा वाटतोय, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय किंवा बसण्याच्या भागात बधिरपणा आहे, तर सीटचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरकडे जा.

*

सर्व्हिस सेंटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी पाठ वळणावर करकरायची आणि बारीक डुलायची. चार वेळा गाडी दिली, चारही वेळा ‘तपासले, ठीक आहे’ अशी नोंद करून परत. पाचव्या वेळी मी जॉब कार्डवर माझ्या शब्दांत लिहून घेतलं: “तीच तक्रार, पाचवी वेळ, डाव्या वळणावर, सीट सर्वांत मागे असताना.” आधीच्या चार कार्डांच्या प्रती जोडल्या. व्हिडिओ काढला होता. आणि त्यांच्या माणसाला शेजारी बसवून वळण घेतलं. त्याने तो आवाज स्वतः ऐकला तेव्हा काम सुरू झालं. सीट ज्यावर सरकते त्या रेलचा एक बोल्ट ढिला होता. पाठ निर्दोष होती, सगळी सीटच हलत होती. वॉरंटीत काम झालं, कारण पहिली तक्रार मुदतीतली होती आणि ती कागदावर होती.

बदललेला भाग परत मागून घ्या. नव्या भागाची वॉरंटी किती, तेही बिलावर लिहून घ्या.

*

धागा काढणारी मी.

सर्वांचे मनापासून आभार. रिक्लायनरचा अनुभव वाचून रात्रीच खाली जाऊन चारही सीट हलवून आले.

सीटचं काम करणाऱ्या दादांचं वाचल्यावर डिकीतली पिशवी काढली. आधीच्या दोन केबल मी ठेवल्या होत्या, तिसरी काल काढून घेतली. तिन्ही वर्तमानपत्रावर शेजारी ठेवल्या आणि टोकाच्या मण्यापासून पट्टीने मोजलं. ११ सेंटीमीटर. ११. आणि तिसरी ११ ला एखादा मिलिमीटर कमी. तिथे तारेचे पदर दाढीच्या ब्रशसारखे पिंजारलेले आहेत आणि तुटायच्या आधीचा भाग काळा पडून एका बाजूने चपटा झालाय.

आज सीट उघडली. खोबणी मधोमध तडकलेली होती, आणि ती तडक नवी नव्हती. फटीत धूळ बसून घट्ट झाली होती. बहुधा पहिल्या ‘टक्’च्या वेळची असावी. कडेवर तारेने पाडलेली खाच नखाला लागते. खोबणी सुटी मिळत नाही, पट्टीसकट अख्खी जाळी घ्यावी लागली. ती बसली. फोटो काढून ठेवलेत, तारीख घालून.

मी नॉब पाठ टेकवूनच फिरवायचे, तेही कबूल करते. आज पुढे होऊन फिरवला तर दोन बोटांनी फिरला. इतकी वर्षं तो जड आहे असंच समजत होते.