मैलाच्या दगडावरचा आकडा आणि प्रत्यक्ष अंतर जुळत नाही

वाटसरू: जुन्या रस्त्याकडेला अर्धा गाडलेला मैलाचा दगड आहे. रोमन आकडा, बराच झिजलेला, पाच वाटतो. नकाशावर शहरापासूनचं अंतर त्याच्या जवळपास दुप्पट भरतं. दगड हलवलेला असेल का? आणि साफ करून अक्षरांत रंग भरला तर चालेल?

तिरपा_उजेड: आधी वाचन पक्कं करा. ‘एक्स’चा खालचा अर्धा भाग मातीत गेला की वर उरतो तो ‘व्ही’, म्हणजे दहाचे पाच. खडीचे थर चढून रस्ता उंच होत जातो आणि दगड बुडतो, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. अंधार पडल्यावर कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवा. बॅटरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्या. खडूने अक्षरं गिरवायचा मोह आवरा. डोक्यात आधीच बसलेला आकडाच गिरवला जातो.

कोस_मोजणारा: दहा निघाला तरी दोन गोष्टी तपासा. एक, शून्य कुठे? शहराच्या हद्दीपासून सहसा मोजत नसत. मुंबईतले जुने दगड सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर सांगतात. दोन, मोजणी जुन्या वळणावळणाच्या रस्त्यावरूनच करा, बायपासवरून नको. इंग्रजी मैल १६०९ मीटर, रोमन साधारण १४८०. कोस तर प्रांतागणिक बदलतो.

एका दगडावरून निकाल देऊ नका. शेजारचे दोन शोधा. सगळ्यांत सारखाच फरक येत असेल तर शून्य बदललं किंवा शहर ते हे दगड यांमधला रस्ता सरळ केला. एकट्याचाच फरक असेल तर तो दगड हलवलाय. ब्रिटनमध्ये १९४० साली शत्रू उतरला तर त्याला वाट कळू नये म्हणून असे कितीतरी दगड काढले, पुरले. परत लावताना सगळे मूळ जागी गेले नाहीत.

कालव्यावर हे काम सोपं. तिथे जकात टन-मैलावर, म्हणजे किती टन माल किती मैल नेला यावर, म्हणून अंतरं काटेकोर. इंग्लंडमधल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या लोखंडी खांबांवर शार्डलो आणि प्रेस्टन ब्रुक या दोन टोकांकडच्या गावांपर्यंतचे मैल आहेत, बेरीज ९२. एक आकडा गेला तरी वजाबाकीने मिळतो.

चुना_गारा: सफाईला साधं पाणी आणि मऊ केसांचा ब्रश, बस्स. तारेचा ब्रश, ॲसिड, जोराचा फवारा नको. आधीच पातळ झालेली कोरीव कड त्यानेच जाते. दगडफूल घट्ट बसलं असेल तर राहू द्या, खरवडलं तर दगडाचे कणही निघतात. भेगांत सिमेंट भरू नका. ते दगडापेक्षा कडक, ओल बाहेर सोडत नाही. मग क्षार आतल्या आत साचून पापुद्रे सुटतात. चुन्याचा गारा वापरा.

रंग फक्त खोबणीत जुन्या रंगाचे अंश सापडले तरच, आणि ऑइल पेंट अजिबात नको. ओतीव लोखंडी खांबाचा नियम उलटा: गंज काढून प्रायमर आणि रंग लावलाच पाहिजे, नाहीतर तो सडतो.

तिरपा_उजेड: एक राहिलं. तळाचा न घडवलेला भाग वर दिसत असेल तर एकतर माती वाहून गेली किंवा दगड पुन्हा रोवलाय. बघण्यासाठी खणायचं असेल तर आधी रस्ते खात्याची आणि पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्या. वाकडा असला तरी सरळ करू नका. जागेची जीपीएस नोंद आणि चारही बाजूंचे फोटो आधी.