कौटुंबिक हिंसाचार: पोलीस, दवाखाना, संरक्षण अधिकारी आणि कोर्ट यांना एकमेकांशी कसं जोडायचं? (मदत हवी आहे)

जाईजुई:

नमस्कार मंडळी,

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिक्षिका आहे आणि गावातल्या महिला बचत गटाचं काम बघते. गटातल्या एका बाईला नवऱ्याची मारहाण बरीच वर्षं सहन करावी लागली. आता ती दोन मुलांना घेऊन माहेरी आहे. माहेर शेजारच्या तालुक्यात. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम दिलेले नाहीत, कृपया विचारूही नका.

तिच्यासोबत मी सगळ्या कार्यालयांत जाते. कायदा बऱ्यापैकी वाचून झालाय. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या बाजूचा आहे हे कळतं. माझा प्रश्न कायद्याचा नाही, तो राबवणाऱ्या माणसांचं एकमेकांशी बोलणं का होत नाही, याचा आहे.

पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) जायला सांगितलं. संरक्षण अधिकारी भले माणूस, पण त्यांच्याकडे इतर कामांचा भार इतका की आठवड्यातले ठरावीक वारच भेटतात. त्यांनी दवाखान्याचे कागद मागितले. दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘घरी पडून मार लागला’ असं लिहिलेलं, कारण केसपेपर काढताना सासू शेजारीच उभी होती आणि तिला बाजूला घेऊन कुणी विचारलं नाही. मग विधी सेवा समितीचे वकील, मग कोर्ट. प्रत्येक ठिकाणी तिने पहिल्यापासून सगळं सांगायचं. कुठे कोणत्या खोलीत मारलं, कशाने मारलं, मुलं बघत होती का. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर पोचवायचा तोही तिनेच, मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून.

पण हे त्रासाचं झालं. जिवावरचं वेगळंच होतं. कोर्टाची नोटीस नवऱ्याला कधी पोचली हे तिला कुणीच कळवलं नाही. त्याच संध्याकाळी तो आणखी दोघांना घेऊन माहेरच्या दारात आला. ११२ ला फोन केला, गाडी आली, पण आलेल्या पोलिसांना कोर्टात अर्ज आहे याची काहीच कल्पना नव्हती. ‘घरगुती भांडण आहे, मिटवून घ्या’ म्हणून समज देऊन गेले. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच झालं असतं, कारण त्यांच्या ठाण्यात यातला एकही कागद नव्हता.

तर मदत दोन गोष्टींसाठी हवी आहे. एक, तिच्या बाबतीत हे धागे आत्ताच्या आत्ता कसे जोडायचे? दुसरं, तालुक्यात अशा आणखी बायका आहेत. या सगळ्या खात्यांना नियमित एकत्र बसवण्याचा अधिकार कुणाला आहे? अर्ज कुणाच्या नावे करायचा? कुणी असं काम प्रत्यक्ष होताना पाहिलंय का?

काळाकोट:

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, अशी बरीच प्रकरणं चालवली आहेत. आधी तुमच्या बाईचं बघू.

कलम १३ प्रमाणे नोटीस बजावायचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं आहे, आणि साधारण दोन दिवसांत ते करायचं असतं. म्हणजे नोटीस कोणत्या दिवशी पोचणार हे माहीत असणारा माणूस तुमच्या ओळखीचाच आहे. बजावण्याच्या आदल्या दिवशी तिला आणि माहेरच्या ठाण्याला फोन करा, अशी लेखी विनंती त्यांना देऊन पोच घ्या. पुढचे कागद जातील तेव्हाही हे लागेल.

पुढच्या तारखेची वाट न बघता कलम २३ खाली अंतरिम (तात्पुरता) आदेश मागा. समोरच्याला ऐकून न घेताही तो देता येतो. दारात येऊन धमकावल्याचं शपथपत्र जोडा, ११२ च्या कॉलची वेळ त्यात लिहा. आदेश झाला की कलम २४ प्रमाणे त्याची प्रत पक्षकारांना आणि ठाण्याला मोफत मिळायला हवी. इथे एक मेख आहे. प्रत जाते ती ज्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज केला तिथल्या ठाण्याला. तुमचा अर्ज सासरच्या तालुक्यात असेल तर माहेरच्या ठाण्याला काहीच जाणार नाही. त्या ठाण्यालाही प्रत पाठवावी, असं अर्जात वेगळं मागावं लागतं. आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र आहे. पण आदेशाची प्रत हातात असल्याशिवाय रात्री आलेला हवालदार काय करणार?

एनसीवर थांबू नका. नवऱ्याच्या क्रूरतेसाठी पूर्वीचं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, तो दखलपात्र गुन्हा आहे. हा हक्क तिला सांगणं हे २००५ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांचं कर्तव्यच आहे.

आणि अमुक अहवाल नाही म्हणून अर्ज अडलाय असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालाशिवायही अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलंय.

गोधडी:

मी पोलीस ठाण्याच्या आवारात बसून काम करणारी समाजकार्यकर्ती. महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष तुम्ही ऐकले असतील. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर ही पद्धत सुरू केली. कल्पना साधी होती: बाई शेवटी ठाण्यातच येते, तर मदत करणारी व्यक्ती तिथेच बसलेली असावी. पोलिसांच्या शेजारी खुर्ची असली की फौजदारांना ‘साहेब, हिची एनसी नको, एफआयआर घ्या’ असं तोंडावर सांगता येतं. पत्र लिहून हे होत नाही.

दवाखान्याच्या बाजूने मुंबईत ‘दिलासा’ आहे. ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते केंद्र सुरू केलं, २००० च्या सुमारास. तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर हात मोडलेल्या बाईला नातेवाइकांपासून दूर नेऊन विचारायला शिकल्या. तुमच्या बाईचा केसपेपर असा का निघाला याचं उत्तर त्यातच आहे. तिला आता पुन्हा दवाखान्यात नेऊन जुन्या मारहाणीचा इतिहास तिच्या शब्दांत नोंदवून घेता येईल. जुना कागद खोडायला सांगू नका, नवी नोंद करा. कायद्याच्या नियम १७ प्रमाणे तपासणी अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची असते, आणि घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. ही गोष्ट बहुतेक तालुक्यांत डॉक्टरांना माहीतच नसते. नियमाची छापील प्रत घेऊन जा, भांडू नका, टेबलावर ठेवा.

एक कळकळीने सांगते. सगळ्यांना एकत्र बसवायचं म्हणजे नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं नव्हे. आमच्याकडे ‘समन्वय’ म्हटलं की लगेच समझोत्याची बैठक लावतात आणि बाई पुन्हा त्याच घरात जाते. बसायचं खात्यांनी.

माळावरची:

आमच्या गावात सरपंच आणि भावकीतली ज्येष्ठ मंडळी बसून मिटवतात, कोर्टापेक्षा लवकर होतं. तेही बघा.

गोधडी:

ताई, आपल्या भावना समजतात, पण भावकीत बसलेल्यांपैकी कुणावरही रात्री तिच्या दारात उभं राहायची जबाबदारी नसते. तिने तिथे तक्रार मांडली हेच नवऱ्याला डिवचतं. मी यातून दगावलेल्या बायका पाहिल्या आहेत.

सातासमुद्री:

मी वेल्समध्ये रुग्णालयात नोकरी करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडेल म्हणून इथलं सांगते. २००३ मध्ये कार्डिफमध्ये एक पद्धत सुरू झाली, तिला ‘मॅरॅक’ म्हणतात. ज्या बायकांच्या जिवाला सर्वांत जास्त धोका, फक्त त्यांच्यासाठी पोलीस, आरोग्य, घरं देणारं खातं, मुलांचं संरक्षण बघणारे असे सगळे ठरलेल्या दिवशी बसतात. प्रत्येकाने आपल्याकडची माहिती सांगायची आणि उठताना कोण काय करणार हे लिहून द्यायचं. धोका किती हे कुणाच्या मनाच्या कौलावर ठरत नाही, ठरावीक प्रश्नांची यादी असते: गळा दाबला का, गरोदर आहे का, वेगळी राहायला लागली का, हत्याराची धमकी, पाळत, आणि तिला स्वतःला काय वाटतं. बाई त्या बैठकीत नसते. तिच्या वतीने एक प्रशिक्षित कार्यकर्ती बोलते, आणि काय ठरलं ते तिला सांगते.

इथेही सगळं आलबेल नाही. कागदोपत्री बैठक होऊन नंतर कुणी काहीच न केल्याचीही उदाहरणं आहेत. पण एकाच दिवशी दवाखान्याला माहीत असलेलं पोलिसांना कळतं, याने फरक पडतो. गळा दाबल्याची नोंद आमच्याकडे असते आणि पोलिसांकडे फक्त ‘आरडाओरडा’ असतो, हे मी वारंवार पाहिलंय.

काळाकोट:

हे आपल्याकडेही कायद्यात बसतं. कलम ११ मध्ये विधी, गृह, आरोग्य या खात्यांचा समन्वय ठेवून वेळोवेळी आढावा घ्यायची जबाबदारी सरकारवर आहे. संरक्षण अधिकाऱ्याने धोका तपासून, बाईशी बोलून सुरक्षा आराखडा करायचा, त्यासाठी ‘नमुना पाच’ हा फॉर्मही कायद्याच्या नियमांत दिलेला आहे, पण तो भरलेला क्वचित दिसतो. जिल्ह्यात ‘सखी वन स्टॉप सेंटर’च्या (हिंसा सोसलेल्या बायकांना सगळी मदत एकाच जागी देणारं सरकारी केंद्र) समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्ज त्यांच्या नावे करा, प्रती पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तालुका पातळीवरही संरक्षण अधिकारी नेमायला राज्यांना सांगितलं आहे, त्याचा उल्लेख करा. ‘समन्वय वाढवावा’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येईल. नोटीस बजावण्याआधी बाईला आणि ती राहते त्या ठाण्याला कळवावं, एवढी एकच मागणी आधी लावून धरा.

जाईजुई:

सगळ्यांचे मनापासून आभार. नमुना पाच आज पहिल्यांदा वाचला. उद्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तो घेऊन जाते आहे आणि सोमवारी वकिलांकडून कलम २३ चा अर्ज, माहेरच्या ठाण्याच्या प्रतीच्या मागणीसह. जिल्हाधिकाऱ्यांचा अर्ज बचत गटाच्या लेटरहेडवर करू. सह्या करायला बायका तयार आहेत.

गोधडीताई, एक अडलंय. खात्यांनी तिची माहिती एकमेकांना द्यावी असं आपण म्हणतोय, पण आमचं गाव लहान. कार्यालयातला एखादा नवऱ्याच्या नात्यातला निघाला तर तिचा पत्ताच फुटेल. तुमच्या कक्षात बाईची संमती कशी घेता? कोणती माहिती कुणाला द्यायची हे तिला निवडता येईल असा काही लेखी नमुना आहे का? असेल तर कृपया इथेच टाका, अर्जाला जोडायचा आहे.