मदत हवी आहे: ग्लिसरीन + काचेचे मणी, व्हिस्कॉसिटी जुळतच नाहीये (अर्जंट)

मणीमाळ_23: नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट, शुक्रवारी गाईडना दाखवायचाय आणि डोकं आउट झालंय. ग्लिसरीनमध्ये काचेचे मणी घालून व्हिस्कॉसिटी (द्रव वाहायला किती अडतो ते) मोजतोय. आइनस्टाइनच्या फॉर्म्युल्याने 60 टक्क्याला नुसत्या ग्लिसरीनच्या अडीचपट यायला हवी, येतेय सहापट. बरं सहा तर सहा, पण तेही टिकत नाही, मशीन चालू ठेवलं की तासाभरात साडेचारवर येतं. मशीन गंडलंय का? लॅब असिस्टंट म्हणतात कॅलिब्रेशन आत्ताच झालंय. प्लीज लवकर सांगा.

पॅनवाला: 60 टक्के वजनाने का आकारमानाने? तापमान किती? मणी केवढे? स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) कुठला? काहीच सांगितलं नाहीस आणि म्हणे लवकर सांगा.

मणीमाळ_23: वजनाने, ऑफकोर्स. काट्यावर मोजूनच घेतले ना. मणी 100 मायक्रॉन. तापमान रूमचंच.

रिओकाका: ऑफकोर्स काय रे, तिथंच तर घोळ आहे! फॉर्म्युल्यात आकारमान लागतं. 100 ग्रॅममध्ये 60 ग्रॅम काच, घनता 2.5, झाले 24 सीसी. 40 ग्रॅम ग्लिसरीन भागिले 1.26, साधारण 32 सीसी. म्हणजे 56 मध्ये 24, 43 टक्के. आता हे 43 आइनस्टाइनमध्ये घातलंस तर उत्तर आणखी कमी येईल, दोनच्या जवळ, कारण तो फॉर्म्युला पातळ मिश्रणाचा आहे, एक-दोन टक्क्यांपर्यंत ठीक, जिथं एका मण्याला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. तुझ्याकडे तर पाचच्या लोकलसारखी गर्दी आहे. दाट मिश्रणासाठीचा क्रीगर-डॉहर्टी फॉर्म्युला (1959) वापर. मणी 63 टक्क्यांपर्यंत ठासता येतात असं धर आणि 43 घाल, येतात की नाही सहा बघ. मशीनला बोल लावू नकोस. बाय द वे, 1906 च्या पेपरात आइनस्टाइनचाही आकडा चुकला होता, प्रयोगाशी जुळेना म्हणून गणित परत तपासलं आणि 1911 मध्ये फॉर्म्युल्यातला गुणक 2.5 असा दुरुस्त करून छापला. तेव्हा फार मनाला लावून घेऊ नकोस.

चाकावरचा: एवढं कशाला? सोडियम सिलिकेटचे दोन थेंब टाक. आमची मातीची स्लिप (साच्यात ओतायचं माती-पाण्याचं मिश्रण) दह्यासारखी घट्ट असते, दोन थेंबात ताकासारखी वाहते, पाणी एक थेंब वाढवावं लागत नाही.

रिओकाका: अहो ते मातीचं. मातीचे कण बारीक, त्यांच्यावर विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना धरून बसतात आणि सिलिकेटने सुटतात. 100 मायक्रॉनच्या काचेला काय फरक पडणार? शिवाय त्याला पातळ करायचंच नाहीये, मोजायचंय.

चाकावरचा: करून बघायला काय जातं? 20 वर्षं स्लिप ओततोय मी.

पॅनवाला: रूमचं तापमान हे काही तापमान नव्हे. आमच्या साखर कारखान्यात सी मॅसेक्युट (साखरेचे दाणे आणि मळीचं घट्ट मिश्रण) सेंट्रिफ्यूगलला (दाणे वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्राला) सोडायच्या आधी गरम करून घेतात, नाहीतर मळी साखरेच्या दाण्यांना सोडतच नाही. नवीन पोरं पाणी मारतात, पातळ होतं खरं, पण साखर विरघळून मळीतच जाते. तर ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी 20 डिग्रीला 1.4 पास्कल-सेकंद असेल तर 30 ला 0.6 च्या आसपास. दुपारी खिडकीतून ऊन येतं का?

सुगरण_बाई: ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. बाटली उघडी होती का? आयसिंग करताना माझं एकदा असंच झालं होतं, सगळा केक पुसला गेला.

सेट_पास_करणारच: स्टोक्सचा नियम (द्रवात गोळा किती वेगाने खाली जातो त्याचा) नेहमी विचारतात. वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, दुप्पट त्रिज्या म्हणजे चौपट वेग. पाठ करून ठेवा.

पॅनवाला: कोण विचारतंय परीक्षेचं? पण मुद्दा बरोबर आहे. मणी तळाला बसतायत, विषय संपला.

रिओकाका: नाही संपला. त्याच नियमाने काढा. एकटा मणी असता तर मिनिटाला अर्धा मिलीमीटरही नाही, आणि 43 टक्के गर्दीत वर येणारं ग्लिसरीन त्यांना आणखी अडवतं. तासाला दोनेक मिलीमीटर फार तर. मणीमाळ, ढवळल्यावर रीडिंग परत सहावर येतं का?

मणीमाळ_23: हो, लगेच. पंखा बंद असतो, एसी 25 वर.

रिओकाका: मग पाणी नाही आणि तापमानही नाही, ती काही ढवळून परत येत नाहीत. मला वाटतं मणी सरकतायत. 1980 मध्ये गडाला-मारिया आणि अ‍ॅक्रिव्होस या संशोधकांना हेच दिसलं, टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) हळूहळू उतरत गेला. 1987 मध्ये लेटन आणि अ‍ॅक्रिव्होस यांनी कारण लावलं: आपटाआपटीत मणी जास्त शिअरच्या (द्रवाचे थर एकमेकांवर घसरण्याच्या) जागेतून कमी शिअरकडे निघून जातात. स्पिंडलजवळ गर्दी कमी झाली की रीडिंग उतरणारच. असं कर, ढवळ, रीडिंग घे, मोटर बंद. एक तास हात लावू नकोस, ढवळू तर अजिबात नकोस. मग चालू करून पहिलं रीडिंग सांग. उतरलेलं असेल तर पॅनवाले जिंकले.

पॅनवाला: बघूच.

मणीमाळ_23: (दुसऱ्या दिवशी) बंद ठेवून तासाने 5.9 आलं! मग चालूच ठेवलं तर तासाभरात परत 4.6. वरती काचेसारखा स्वच्छ थर दिसत होता, पट्टी लावली, दीड मिलीमीटर. थँक्यू काका. आता स्पिंडलला मणी चिकटलेत, असिस्टंट ओरडतायत, कशाने धुऊ?

पॅनवाला: बरं, मानलं. कोमट पाण्याने धू, ग्लिसरीन विरघळतं. खाली बारीक जाळी धर, मणी बेसिनमध्ये सोडलेस तर ट्रॅप तुंबेल आणि मग असिस्टंट खरंच ओरडतील.