जुनी डिझेल गाडी आणि जड क्लच : किनाऱ्यावरच्यांनो, अनुभव लिहा

"डिझेल आहे, जुनी आहे, क्लच जड असणारच. पायाला सवय होईल." हे आपल्याकडे सगळेच सांगतात आणि माणसं गुडघा धरून गाडी चालवत राहतात. मला हे पटत नाही. डिझेलचा टॉर्क जास्त, म्हणून क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग तगडी, म्हणून पेडल पेट्रोलपेक्षा थोडं जड लागतं, इथवर ठीक. पण आधी बरं असलेलं पेडल हळूहळू जड होत गेलं, तर कुठला तरी भाग त्रास देतोय. तो कुठला निघाला, कसा सापडला, ते लिहा. गाडीचं नाव नको, ती कुठे उभी असते ते मात्र सांगा.

माझ्यापासून सुरुवात. रत्नागिरी, मिऱ्याच्या बाजूला घर, गाडी २०१०ची, केबलचा क्लच. एका गॅरेजने थेट अख्खा क्लच सेट बदलायला सांगितलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकने आधी केबल फोर्ककडून (गिअरबॉक्सकडचा, क्लच सोडवणारा दांडा) सोडवली आणि मला पेडल दाबायला लावलं. केबल सुटी असताना पेडल मोकळं जायला हवं, ते घासत जात होतं. केबलच्या बाहेरच्या आवरणाला चीर पडून आतल्या तारा गंजल्या होत्या. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार! नवी केबल टाकली आणि पेडल मोकळं झालं. गिअरबॉक्स उतरवावाच लागला नाही.

चिपळूण

जुलै २०२१च्या पुरात आमची गाडी पाण्याखाली होती. इंजिन, वायरिंग, सीट सगळं करून घेतलं. क्लच तेव्हा चालत होता, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पेडल इतकं जड झालं की कुंभार्ली घाट चढताना मिस्टर आणि मी आलटून पालटून चालवायचो. पेडल दाबलं की कर्रर्र आवाज यायचा. गिअरबॉक्स उतरवल्यावर आत वाशिष्ठीचा गाळ वाळून बसलेला. फोर्क ज्याला ढकलतो ते रिलीज बेअरिंग ज्या नळीवर पुढे-मागे सरकतं ती गंजून खरखरीत, फोर्कच्या टेकूवर ग्रीसचा मागमूस नाही. क्लच प्लेट अजून बरीच शिल्लक होती, जोर सगळा गंजाशी लढण्यात जात होता. पुरात बुडालेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही जागा उघडून बघाच, अगदी आज क्लच हलका असला तरी.

गुहागर

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी रिव्हर्सने चढवायची म्हणजे हाफ क्लचचा, पेडल अर्धं दाबून ठेवायचा खेळ, त्यात ओहोटी असली की चढ वाढतो. आमची क्लच प्लेट तिथेच झिजली असं मला वाटतं. झिजल्यावर पेडल हलकं होईल असा माझा समज होता. मेकॅनिकने जुनी प्रेशर प्लेट हातात देऊन समजावलं: क्लच प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटमधल्या गोल डायफ्रॅम स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि त्या दाबायला जास्त जोर लागतो. म्हणजे पेडल जड, आणि चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर सेटच बदलावा लागतो.

अलिबाग

आमच्या गाडीला केबल नाही, ऑइलवरचा क्लच. पेडल जड तर होतंच, पण सोडल्यावर वरही सावकाश यायचं. कुणीतरी क्लच ऑइलच्या टाकीत भलतंच ऑइल ओतलं होतं, त्याने रबरी पाइप आणि सील आतून फुगले होते. क्लचच्या दोन्ही सिलिंडरची रबरं आणि पाइप नवे टाकले. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घाला. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही, म्हणून वेळच्या वेळी बदला.

मालवण

माका गाडी इकूची नाय, वडलांनी घेतलेली आसा. केबल नवी घातली तरी क्लच जडच. मगे बघितला तर केबल भलत्याच वाटेन फिरवलेली, मधी मोठो वळसो. सरळ करून बसवली आणि पेडल हलका झाला.

सावंतवाडी

मी रोज आंबोली घाट चढते. दुरुस्ती झाली तरी माझी पोटरी दुखायची. सीट पुढे घेतली, पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी, आणि बराच फरक पडला. गणपतीत महामार्गावर रांग लागली की न्यूट्रल आणि हँडब्रेक. क्लच दाबून थांबत नाही, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवत नाही. चिपळूणच्या ताई, तुमचं वाचून माझ्या भावाची गाडी उघडायला सांगितली आहे, तीही त्याच पुरातली.

रत्नागिरी (पुन्हा मीच)

सावंतवाडीच्या ताई, भावाला एवढं सांगा: गिअरबॉक्स खाली उतरतोच आहे तर रिलीज बेअरिंग आणि फोर्कचे बुश तेव्हाच नवे टाका, फ्लायव्हीलचा (क्लच प्लेट ज्याला टेकते ते इंजिनचं चाक) पृष्ठभाग बघा आणि इंजिनच्या मागचं ऑइल सील पाझरत नाही ना तेही. मजुरी एकदाच पडते. आणि केबलच्या आत प्लास्टिकचं अस्तर असेल तर तेल सोडू नका, धूळ धरून ती पुन्हा जड होते. देवगड, दापोली, श्रीवर्धनकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही.