लोकरी माव्याची धारणक्षमता म्हणजे आमचा अख्खा ऊस का?

वारणेची_लेक:
बारावीला आहे, पॉप्युलेशनचा चॅप्टर चालू आहे. आधी हळू वाढ, मग एकदम जोरात आणि शेवटी धारणक्षमतेपाशी (म्हणजे त्या जागेत जास्तीत जास्त जेवढे जीव जगू शकतात तिथे) सपाट, असा आलेख सरांनी काढून दिला. पण इकडे आमच्या उसात बांधाकडच्या चार-पाच सऱ्यांत लोकरी मावा (उसाचा रस शोषणारी बारीक कीड) दिसलाय, पानाच्या खालून कापूस चिकटवल्यासारखा, आणि खालची पानं चिकट होऊन काळी पडायला लागलीत. माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं घालतात म्हणे, म्हणजे एकीचे 10 वेळा दुप्पट झाले की 1024 आणि 20 वेळा झाले की 10 लाखाच्या वर! मग हा ऊस संपेपर्यंत थांबणारच नाही का? पप्पा उद्या फवारणार म्हणतायत म्हणून आजच विचारतेय.

बायोवाले_सर:
खायला संपेपर्यंत वाढतात, असं खरंच घडलेलं आहे. अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे, तिथे 1944 साली 29 रेनडिअर सोडले. लांडगे नाहीत, शिकार नाही, खायला थंडीत दगडफुलाचा जाड थर. 1963 पर्यंत झाले 6000 च्या आसपास. दगडफूल फार सावकाश वाढतं, ते चरून संपलं, त्यात पुढचा हिवाळा कडक गेला आणि 1966 ला मोजले तर उरले फक्त 42. म्हणजे आलेख सपाट झालाच नाही, कड्यावरून कोसळला. पण तिथे खाणारं कोणी नव्हतं हे लक्षात घे, तुझ्या उसात तसं नाही.

जुना_बागायतदार:
सर बरोबर बोलले. पोरी, पप्पांना म्हणावं फवारायच्या आधी पानं उलटून बघा. 2002 ला हा मावा सांगली भागात आला तेव्हा आम्हीपण घाबरून पंप घेऊन सुटलो होतो, उसात शिरलं की डोक्यावर, अंगावर पांढरं पीठ पडायचं. फवारलं की आठ दिवस बरं वाटायचं आणि परत तेच, कारण औषधानं माव्याबरोबर त्याला खाणारेपण मरायचे, आणि मावा पटकन वाढतो, खाणारे मागून सावकाश येतात. पुढं डिफा अळी आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या किड्यांची माहिती झाली. डिफाची अळी माव्याच्या थरातच जाळी करून आत बसते आणि खात सुटते. ज्याच्या रानात डिफा होती त्याच्याकडनं अळ्या-कोषाची पानं कापून आणून आम्ही आमच्या पानांना टाचली. मावा आटोक्यात आला तो तेव्हा, ऊस संपला म्हणून नाही. आणि मावा सरला की डिफापण कमी होते, तिलाही खायला पाहिजे ना.

वारणेची_लेक:
काका, आत्ताच बॅटरी घेऊन जाऊन आले. एका पानावर पांढऱ्या थरात जाळी आहे आणि आत हिरवट अळी हलतेय, शेजारच्या पानावर नुसताच मावा. हीच का डिफा?

जुना_बागायतदार:
वर्णनावरनं तीच वाटते, फोटो टाक. तीच असली तर त्या सऱ्यांत औषध अजिबात नको, जाळीवाली चार पानं काप आणि जिथं नुसता मावा आहे तिथं टाच. आठवड्यानं परत बघ, जाळ्या वाढल्यात का ते.

वारणेची_लेक:
पप्पांना दाखवलं. उद्याचं फवारणं थांबवलंय, आठ दिवसांनी इथेच सांगते.